औषध तेच, वाहन वेगळं: अल्ब्युमिन, डेक्स्ट्रान आणि कोळंबीच्या टरफलांपासून बनणारे नॅनोकण

पॅक्लिटॅक्सेल हे स्तनाच्या, अंडाशयाच्या आणि फुप्फुसाच्या कर्करोगावर वर्षानुवर्षं दिलं जाणारं औषध. केमोच्या वॉर्डात ते दोन रूपांत येतं. एक असतं बाटलीतलं दाटसर, पारदर्शक द्रावण. ते देण्याआधी पेशंटला स्टिरॉइड आणि अ‍ॅलर्जी रोखणारी इंजेक्शनं द्यावी लागतात, सलाईनचा सेट वेगळ्या प्रकारचा लागतो, आणि दर तीन आठवड्यांनी देण्याच्या नेहमीच्या पद्धतीत औषध आत जायला तीन तास लागतात. दुसरं रूप म्हणजे बाटलीच्या तळाशी बसलेली पांढरट-पिवळसर भुकटी. तिच्यात सलाईन घातलं की दुधासारखं मिश्रण तयार होतं आणि ते अर्ध्या तासात दिलं जातं. आधीची ती इंजेक्शनं सहसा लागत नाहीत.

दोन्हींतला पॅक्लिटॅक्सेलचा रेणू एकच. फरक आहे तो त्याला रक्तात घेऊन जाणाऱ्या वाहनाचा. पेशंट आणि घरचे औषधाचं नाव लक्षात ठेवतात, पण त्याच्यासोबत शिरेत आणखी काय काय जातं हे त्यांना फारसं कोणी सांगत नाही. मला वाटतं ते सांगायला हवं. होणारा त्रास बरेचदा औषधाचा नसून त्या सोबत्याचा असतो, आणि गेल्या काही दशकांत औषधशास्त्रात जे मोठे बदल झाले त्यांतले कित्येक नवं औषध शोधून नव्हे, तर जुन्या औषधाचं वाहन बदलून झाले आहेत.

विरघळायलाच तयार नसलेलं औषध

१९६२ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या जंगलातून यू नावाच्या सूचिपर्णी झाडाची साल गोळा करण्यात आली. वनस्पतींमधून कर्करोगावरची औषधं शोधण्याची एक मोठी सरकारी मोहीम तिथे चालू होती. ती साल नॉर्थ कॅरोलिनातल्या एका संशोधन संस्थेत मन्‌रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांकडे पोहोचली. वाणी मूळचे खानदेशातल्या नंदुरबारचे. १९२५ साली तिथे जन्म, मुंबई विद्यापीठात शिक्षण, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून डॉक्टरेट. सालीतला नेमका कोणता रेणू कर्करोगाच्या पेशी मारतो हे शोधून त्याची रचना त्यांनी आणि वॉल यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. तोच रेणू पॅक्लिटॅक्सेल. जगभर लाखो माणसांना दिल्या गेलेल्या औषधामागे नंदुरबारचा माणूस आहे हे महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक आहे, याचं मला वाईट वाटतं. वाणी २०२० मध्ये गेले.

औषध काम कसं करतं, हे १९७९ मध्ये अमेरिकी संशोधक सुझन हॉर्विट्झ यांनी दाखवून दिलं. पेशी दुभंगताना आतमध्ये अतिशय बारीक नळ्यांचा सांगाडा उभारते आणि काम झालं की तो मोडते. पॅक्लिटॅक्सेल त्या नळ्यांना असं घट्ट धरून बसतं की त्या मोडताच येत नाहीत. पेशीचं विभाजन अर्ध्यावर अडकतं आणि पेशी मरते.

एवढं गुणी औषध, पण पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. रक्त हे मुख्यतः पाणी. न विरघळलेले स्फटिक शिरेत सोडले तर ते बारीक रक्तवाहिन्यांत अडकतील. म्हणून एक तोडगा काढला गेला: एरंडेल तेलावर रासायनिक प्रक्रिया करून बनवलेला क्रिमोफोर नावाचा द्रव आणि अल्कोहोल, दोन्ही निम्मे-निम्मे, आणि त्यात औषध विरघळवायचं. १९९२ मध्ये अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली ती याच रूपाला.

एरंडेल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पोट साफ करायला दिलं गेलंय. पण पोटात घेणं वेगळं आणि त्यापासून बनवलेला द्रव थेट शिरेत सोडणं वेगळं. क्रिमोफोरमुळे काही पेशंटना औषध सुरू होताच चेहरा लाल होणं, धाप लागणं, रक्तदाब कोसळणं अशी तीव्र रिअ‍ॅक्शन येते. आधीची स्टिरॉइडं असतात ती यासाठी. हा द्रव सलाईनच्या पीव्हीसी नळीतलं प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायनही ओढून घेतो, म्हणून नळी दुसऱ्या प्लास्टिकची लागते. शिवाय रक्तात गेल्यावर त्याचे बारीक थेंबगोळे औषधाला आपल्यातच कोंडून ठेवतात, त्यामुळे औषध पेशींपर्यंत मोकळेपणाने पोहोचत नाही. म्हणजे वाहनाने औषधाला रक्तात नेलं खरं, पण भाडं फार वसूल केलं.

नॅनोकण किती लहान, आणि तो नैसर्गिक पॉलिमरचा का?

पॉलिमर म्हणजे लहान रेणू मण्यांसारखे एकामागोमाग ओवून झालेली लांबलचक माळ. प्लास्टिकची पिशवी पॉलिमरचीच, पण पिठातला स्टार्च, कापसाचा धागा, त्वचेतलं कोलॅजन, अंड्याचा पांढरा भाग हेही पॉलिमरच. दुसऱ्या गटातले सजीवांनी घडवलेले, म्हणून नैसर्गिक. प्रथिनांत मणी अमिनो आम्लांचे असतात, स्टार्चसारख्या पदार्थांत साखरेचे.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. आपली तांबडी रक्तपेशी साधारण ७,००० ते ८,००० नॅनोमीटर रुंद असते. ज्या पॅक्लिटॅक्सेलच्या भुकटीबद्दल आपण बोलतोय तिचे कण सरासरी १३० नॅनोमीटरचे. एका रक्तपेशीच्या रुंदीत असे पन्नासेक कण शेजारीशेजारी मावतील. एवढे लहान असल्यामुळे ते सर्वांत अरुंद केशवाहिनीतूनही अडथळा न होता पुढे जातात.

आता प्रश्न असा की एवढा लहान कण सोन्याचा, सिलिकाचा, कशाचाही करता येतो. मग प्रथिनं आणि साखरेच्या साखळ्यांच्या मागे का लागायचं? कारण औषध उतरवून झाल्यावर रिकाम्या वाहनाचं काय होतं, याचं उत्तर आधी द्यावं लागतं. केमो एकदाच दिली जात नाही, महिनोन्‌महिने चालते. प्रत्येक डोसमागे थोडं न मोडणारं काही तरी यकृतात आणि प्लीहेत साचत गेलं तर तो नवाच आजार व्हायचा. प्रथिनं आणि बऱ्याचशा साखळ्या तोडण्यासाठी शरीराकडे स्वतःचे विकर, म्हणजे एन्झाइम, असतात. साखळी तुटते, मणी सुटे होतात, ते शरीर वापरतं किंवा बाहेर टाकतं. दुसरा फायदा बनवण्यातला. हे पदार्थ पाण्यात राहतात, त्यांच्यावर विद्युतभार असतो, औषध चिकटवायला जागा असतात. बरेचदा कडक रसायनं किंवा जास्त उष्णता न वापरता त्यांचे कण तयार होतात. प्रथिनांसारखी नाजूक औषधं त्यामुळे टिकतात.

कृत्रिम पॉलिमर सगळेच वाईट असंही नाही, हे इथेच सांगून टाकतो. आपोआप विरघळणाऱ्या टाक्यांचा दोरा ज्या जातीच्या पॉलिमरचा असतो त्यापासून औषधांचे कणही बनतात, आणि तेही शरीरात मोडतात. कोविडच्या एमआरएनए लशींतले कण तर मेदाचे होते, तो विषयच वेगळा.

रक्तातलं आपलंच प्रथिन

लिव्हर फंक्शन टेस्टचा रिपोर्ट घरात असेल तर काढून बघा. त्यात अल्ब्युमिन नावाची एक ओळ असते आणि समोर साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यानचा आकडा. तेवढे ग्रॅम अल्ब्युमिन दर १०० मिलिलिटर रक्तद्रवात असतं. रक्तद्रवातल्या प्रथिनांत सर्वांत जास्त प्रमाण याचंच. यकृत ते रोज बनवतं. ५८५ अमिनो आम्लांची ही साखळी, आणि एकदा रक्तात उतरली की निम्मी संपायला सुमारे १९ दिवस लागतात.

अल्ब्युमिनचं एक महत्त्वाचं काम म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या गोष्टी वाहून नेणं. मेदाम्लं, बिलिरुबिन, काही संप्रेरकं आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉर्फरिनसारखी कित्येक औषधं त्याच्या खाचांत बसून रक्तातून फिरतात. म्हणजे पॅक्लिटॅक्सेलला जी अडचण होती, तिच्यावरचा उपाय आपलं यकृत जन्मापासून करत आलंय. या जोडीचं व्यावहारिक औषधात रूपांतर व्हायला मात्र २००५ साल उजाडलं. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेत अल्ब्युमिनमध्ये बांधलेल्या पॅक्लिटॅक्सेलला, म्हणजे वॉर्डात ज्याला नुसतं ‘नॅब’ म्हणतात त्याला, पसरलेल्या स्तनकर्करोगासाठी मान्यता मिळाली.

हे कण बनवण्याची कृती समजायला अवघड नाही. पॅक्लिटॅक्सेल एका सेंद्रिय द्रावकात विरघळवतात. पाण्यात विरघळवलेल्या मानवी अल्ब्युमिनमध्ये ते मिसळतात आणि सगळं मिश्रण प्रचंड दाबाखाली अतिशय अरुंद फटीतून पुन्हा पुन्हा ढकलतात. त्यामुळे द्रावकाचे थेंब नॅनो आकाराचे होतात आणि प्रत्येक थेंबाभोवती अल्ब्युमिन जमतं. मग द्रावक उडवून लावतात. मागे उरतो तो औषधाचा सूक्ष्म गोळा, भोवती अल्ब्युमिनचं आवरण. गोठवून कोरडं केलं की भुकटी. एका बाटलीत १०० मिलिग्रॅम औषध आणि सुमारे ९०० मिलिग्रॅम अल्ब्युमिन, म्हणजे वजनाने बघितलं तर वाहनच नऊपट. हे अल्ब्युमिन रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढून, तपासून आणि शुद्ध करून घेतलेलं असतं.

वॉर्डात ते तयार करण्याची रीतही मुद्दाम सांगण्यासारखी आहे. सलाईन भुकटीवर जोरात सोडायचं नाही. बाटलीच्या आतल्या भिंतीवरून हळूहळू, किमान मिनिटभर घेऊन सोडायचं. मग किमान पाच मिनिटं बाटली तशीच ठेवायची आणि नंतर अलगद फिरवायची. गदागदा हलवायची नाही, कारण अल्ब्युमिन प्रथिन आहे आणि त्याला फेस येतो. घाईगर्दीच्या वॉर्डात शांतपणे ही पाच मिनिटं काढणाऱ्या सिस्टरच्या हातात त्या कणांची प्रत असते.

४५४ रुग्णांवरच्या ज्या चाचणीवरून मान्यता मिळाली तिचे आकडे बोलके आहेत. क्रिमोफोरवाल्या जुन्या रूपाने १९ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. नॅबने ३३ टक्के. नॅबमध्ये औषधाची मात्रा जवळपास दीडपट होती, तरीही पांढऱ्या पेशी अतिधोकादायक पातळीला घसरण्याचं प्रमाण २२ वरून ९ टक्क्यांवर आलं. आधीची इंजेक्शनं न देताही तीव्र अ‍ॅलर्जीची रिअ‍ॅक्शन कोणाला आली नाही. पण हातापायांच्या नसांचा त्रास, म्हणजे मुंग्या, बधिरपणा आणि जळजळ, तीव्र स्वरूपात १० टक्के जणांना झाला; जुन्या रूपात तो २ टक्के होता. औषध जास्त पोहोचलं की त्याचे स्वतःचे दुष्परिणामही जास्त पोहोचतात. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत कमी झाला, तरी शिवणकाम करणाऱ्या, भाजी चिरणाऱ्या, लिहिणाऱ्या हातांसाठी ते काही आठवडेही छोटे नसतात. मुंग्या सुरू झाल्या की डॉक्टरांना लगेच सांगावं, मात्रा बदलता येते.

स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगात २०१३ साली आलेल्या चाचणीत ८६१ रुग्ण होते. एकट्या जेमसिटाबिन या दुसऱ्या केमो औषधावर मध्यगा आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, ६.७ महिने होतं, नॅबची जोड दिल्यावर ८.५ महिने. दोन महिन्यांहून थोडा कमी फरक. ज्या आजारात वर्षानुवर्षं काहीच हलत नव्हतं तिथे डॉक्टरांनी त्याचं स्वागत केलं, आणि ते योग्यच होतं. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना मात्र हा आकडा आहे तसाच सांगितला जावा असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक गोष्ट जाहिरातींत हरवते. हा १३० नॅनोमीटरचा कण थेट गाठीत जाऊन फुटत नाही. रक्तात शिरल्यावर थोड्याच वेळात तो सुटा होतो आणि औषध एकेकट्या अल्ब्युमिनच्या रेणूंवर बसून पुढे फिरतं. कर्करोगाच्या गाठीत अल्ब्युमिनला पकडून ठेवणारं एक खास प्रथिन असतं, म्हणून नॅब तिथे जमा होतं, असा एक आकर्षक सिद्धांत बरीच वर्षं सांगितला गेला. स्वादुपिंडाच्या त्या मोठ्या चाचणीतले नमुने तपासले तेव्हा त्या प्रथिनाचं प्रमाण आणि औषधाचा गुण यांचा मेळ बसला नाही. औषध गुण देतं हे चाचणीने सिद्ध आहे. त्या गुणाचं कारण म्हणून सांगितली जाणारी ती एक गोष्ट मात्र टिकली नाही.

नॅब आणि साधं पॅक्लिटॅक्सेल यांची मात्रा वेगळी असते. एकाच्या जागी दुसरं त्याच हिशेबाने देऊ नये, असा इशाराच औषधासोबतच्या माहितीपत्रकात असतो. केमो एका गावाहून दुसऱ्या गावी हलवायची वेळ आली, तर फाइलमध्ये नेमकं कोणतं रूप लिहिलंय ते नव्या ठिकाणी आवर्जून दाखवावं.

यकृत आड येतं तेव्हा, आणि यकृतच हवं असतं तेव्हा

रक्तात सोडलेला कुठलाही कण काही क्षणांत एकटा राहत नाही. रक्तातली प्रथिनं त्याला येऊन चिकटतात, आणि ते आवरण बघून शरीराच्या भक्षक पेशी त्याला ओळखतात. पाच-सहा नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून लघवीवाटे निघून जातात. २०० नॅनोमीटरच्या पुढचे प्लीहेच्या बारीक जाळीत अडकू लागतात. आणि यकृतात तर रक्तवाहिन्यांच्या भिंतीलाच भक्षक पेशी बसलेल्या असतात, येणाऱ्या प्रत्येक परक्या कणाची वाट बघत. टोचलेल्या नॅनोकणांतला बराच मोठा वाटा शेवटी इथेच जातो.

१९८६ मध्ये जपानमधल्या कुमामोतो इथल्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की गाठीतल्या घाईघाईने वाढलेल्या रक्तवाहिन्या झिरपणाऱ्या असतात, त्यातून मोठे रेणू बाहेर पडतात आणि तिथेच साचतात. या शोधावर पुढची तीस वर्षं नॅनो-औषधांची केवढी तरी आशा उभी राहिली. २०१६ मध्ये टोरंटोच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा हिशेब मांडला: टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचणाऱ्या कणांचं मध्यगा प्रमाण होतं ०.७ टक्के. या क्षेत्रात तो आकडा फार जिव्हारी लागला, आणि लागायलाच हवा होता. उंदरात वेगाने वाढवलेली गाठ आणि माणसात वर्षानुवर्षं वाढलेली गाठ यांच्या रक्तवाहिन्याही सारख्या नसतात.

पण यकृताची हीच सवय एका ठिकाणी वरदान ठरते, आणि ते ठिकाण आपल्या अगदी ओळखीचं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. गोळ्या सोसत नाहीत किंवा बाळंतपण जवळ आलंय, अशा वेळी लोह शिरेतून दिलं जातं. ती गडद तपकिरी रंगाची बाटली ज्यांनी पाहिली आहे त्यांनी नॅनो-औषधच पाहिलंय.

सुटं लोह रक्तात सोडणं म्हणजे विष देण्यासारखं. ते पेशी जाळतं. म्हणून लोहाच्या संयुगाचा काही नॅनोमीटरचा गाभा करून त्याला साखरेच्या आवरणात गुंडाळतात. १९५० च्या दशकातल्या पहिल्या यशस्वी रूपात हे आवरण डेक्स्ट्रानचं होतं. डेक्स्ट्रान म्हणजे ग्लुकोजची साखळी, ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू ती साखरेपासून बनवतात. याच जातीचे जिवाणू इडलीचं पीठ फुगवतात. आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या साखर कारखान्यांत काम करणाऱ्यांना तर डेक्स्ट्रान नको असलेला पाहुणा म्हणून माहीत असतो: तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला की हेच जिवाणू त्यात शिरतात, रस चिकट होतो, साखरेचे दाणे लांबट पडतात. कारखान्यात नुकसान करणारी तीच साखळी, शुद्ध करून योग्य लांबीची केली, की लोहाचं आवरण होते.

‘योग्य लांबीची’ हे शब्द महत्त्वाचे. लांब साखळ्यांच्या जुन्या डेक्स्ट्रानमुळे काही रुग्णांना जीवघेणी अ‍ॅलर्जी झाली. साखळी आखूड केल्यावर धोका बराच कमी झाला. आता आपल्याकडे जास्त ऐकू येणारं फेरिक कार्बोक्सिमाल्टोज स्टार्चपासून मिळणाऱ्या साखळ्यांच्या आवरणात येतं, आणि पंधरा मिनिटांत १,००० मिलिग्रॅमपर्यंत लोह देता येतं. हे कण यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशी गिळतात, आवरण मोडतं, लोह सुटं होऊन शरीराच्या स्वतःच्या साठ्यात जातं आणि तिथून गरजेप्रमाणे अस्थिमज्जेकडे. कर्करोगाच्या औषधाला जिथे अडवलं जातं, लोहाला तिथेच पोहोचायचं असतं. याही वाहनाचे स्वतःचे गुणदोष आहेतच: काहींच्या रक्तातलं फॉस्फेट यामुळे खाली जातं, औषध शिरेबाहेर गळलं तर त्वचेवर तपकिरी डाग दीर्घकाळ राहतो, आणि क्वचित रिअ‍ॅक्शन येते. म्हणून इंजेक्शननंतर अर्धा तास थांबायला सांगतात. गाडी सुटेल म्हणून तो अर्धा तास टाळू नये.

कोळंबीच्या टरफलांचा पदार्थ

मुंबईच्या ससून डॉकवर कोळंबी सोलणाऱ्या बायकांपुढे टरफलांचे ढीग लागतात. त्या टरफलांत कायटिन असतं. आम्लात घालून टरफलांतला चुना काढतात, अल्कात घालून प्रथिनं काढतात, उरतं ते कायटिन. ते तीव्र आणि गरम अल्कात ठेवलं की त्याच्या साखळीवरचे काही गट गळून पडतात आणि कायटोसान तयार होतं. कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था यावर बरीच वर्षं काम करत आली आहे.

नैसर्गिक पॉलिमरांत कायटोसानला मानाचं स्थान आहे ते त्याच्या विद्युतभारामुळे. सौम्य आम्लात ते विरघळतं आणि त्याच्यावर धन भार येतो. नाकाच्या, आतड्याच्या आतल्या चिकट स्रावावर ऋण भार असतो. त्यामुळे कायटोसान तिथे चिकटून राहतं, शिवाय पेशी-पेशींमधल्या घट्ट सांध्यांना थोडा वेळ सैल करतं. १९९७ मध्ये स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेला इथल्या गटाने कायटोसानचे नॅनोकण करण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली ती इतकी साधी होती की जगभरच्या प्रयोगशाळांनी उचलली: कायटोसानच्या पातळ आम्लधर्मी द्रावणात ट्रायपॉलिफॉस्फेट नावाचा ऋणभारित क्षार मिसळायचा. धन आणि ऋण एकमेकांना ओढतात आणि साध्या तापमानाला कण जमतात. प्रथिन औषध त्यातच अडकवता येतं.

मग इन्शुलिनची गोळी का आली नाही? मधुमेह घराघरांत असलेल्या आपल्या समाजात हा प्रश्न हमखास विचारला जातो. इन्शुलिन हे प्रथिन. जठरात गेलं की जेवणातल्या डाळीसारखं पचून जातं. कायटोसानच्या कणात लपवून पाठवावं तर कायटोसान स्वतःच आम्लात विरघळतं, म्हणजे जठरात कण सुटतो. जठर कसंबसं पार केलं आणि आतड्यात पोहोचलं तर तिथे आम्लता फारच कमी, त्यामुळे कायटोसानवरचा धन भार जवळजवळ नाहीसा होतो आणि ज्या चिकटपणावर भिस्त होती तोच जातो. आम्लात न विरघळणारं बाहेरचं आवरण दे, कायटोसानला असे गट जोड की भार टिकेल, अशा युक्त्या संशोधक करत आहेत आणि प्राण्यांमध्ये काही प्रमाणात साखर उतरलेलीही दिसली आहे. पण इन्शुलिनच्या मात्रेला फार बारीक शिस्त लागते. आज चार टक्के शोषलं गेलं आणि उद्या आठ, तर उद्या पेशंट साखर उतरून बेशुद्ध पडायचा. औषधाच्या दुकानात अशी गोळी नसण्याचं खरं कारण हे.

दुसरी अडचण टरफलांतच आहे. कोळंबीची जात, हंगाम, अल्काची तीव्रता, किती वेळ उकळलं, या सगळ्यावर साखळीची लांबी आणि तिच्यावरच्या गटांचं प्रमाण ठरतं. दोन घाण्यांतलं कायटोसान सारखं वागेलच असं नाही, आणि शिरेतून द्यायच्या औषधात असा फरक चालत नाही. त्यात जिवाणूंचे विषारी अंश राहून गेले तर ताप येतो. धन भार रक्तपेशींच्या आवरणालाही इजा करू शकतो. उलट रक्तस्राव थांबवणाऱ्या पट्ट्यांमध्ये कायटोसान २००० च्या दशकापासून वापरात आहे, कारण तिथे रक्तपेशींना चिकटण्याचा हाच गुण उपयोगी पडतो. शिरेतून द्यायच्या नॅनोकणांची वाट मात्र अजून मोकळी झालेली नाही.

तपकिरी समुद्रशैवालातलं अल्जिनेट, सांध्यातल्या द्रवात असणारं हायलुरोनिक आम्ल, जिलेटिन, यांच्यावरही याच धर्तीचं काम चालू आहे. प्रत्येकाची अडचण वेगळी, पण विचारायचे प्रश्न तेच: कण किती मोठा, कुठे जातो, कधी मोडतो, मोडल्यावर काय उरतं, आणि पुढच्या घाण्यात तो तसाच बनेल का.

डब्यावर ‘नॅनो’ लिहिलेलं असतं तेव्हा

भारतात नॅनो-औषधांचं मूल्यमापन कसं करावं याच्या मार्गदर्शक सूचना केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये जाहीर केल्या. हे प्रश्न तिथे औषध कंपनीला विचारले जातात. पण बाजारात ‘नॅनो’ हा शब्द औषधांपुरता राहिलेला नाही. नॅनो-हळदीच्या कॅप्सूल, थेंब, पावडरी खाद्यपूरक म्हणून विकल्या जातात. हळदीतलं कुर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, हे खरं. बारीक कणांत ते जास्त शोषलं जातं, हेही शक्य आहे. एवढ्यावरून ते एखादा आजार बरा करतं असं ठरत नाही. त्यासाठी त्या विशिष्ट कॅप्सूलची माणसांवर चाचणी लागते, आणि खाद्यपूरकाला औषधाइतकी परीक्षा द्यावी लागत नाही.

केमो चालू असलेल्या घरात हे जास्त जपायला हवं. हळदीच्या पुष्कळ कॅप्सूलमध्ये शोषण वाढवायला मिरीतलं पायपरिन घातलेलं असतं. पायपरिन यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या काही विकरांना मंद करतं, आणि पॅक्लिटॅक्सेल मोडण्यात त्यांतल्याच एकाचा हात असतो. नातेवाइकांनी प्रेमाने आणून दिलेली अशी स्ट्रिप सुरू करण्याआधी फाइलसोबत घेऊन जावी आणि डॉक्टरांना तिच्या मागचा बारीक छापील मजकूर वाचायला द्यावा.